हेकट

मराठीत दुसऱ्याचे ऐकणाऱ्या माणसासाठी जेमतेम चार-दोन विशेषणे आहेत. न ऐकणाऱ्यासाठी मात्र भाषेने आपले कोठारच मोकळे सोडले आहे. हट्टी, हटवादी, हेकट, हेकेखोर, आडमुठा, अडेलतट्टू, दुराग्रही, ताठर, एककल्ली. आणि जरा उजेडाच्या बाजूला सरकले की ठाम, करारी, निग्रही, बाणेदार, चिवट, जिद्दी. ही यादी आठवली तशी लिहिली आहे. वाचकाला आणखी पाच-सहा शब्द सहज सुचतील, आणि त्यांतला एखादा त्याच्या गावाबाहेर कोणी ऐकलेलाही नसेल. एखाद्या गोष्टीशी रोजचा संबंध असला की तिच्यासाठी शब्द वाढतात, असे म्हणण्याची पद्धत आहे. न ऐकणाऱ्या माणसांशी आपला रोजचा संबंध येतो हे खरेच; पण मला या गर्दीचे कारण तेवढेच वाटत नाही. समोरचा माणूस ऐकत नाही तेव्हा आपल्याला त्याचे वर्णन करायचे नसते, निवाडा करायचा असतो. निवाड्याच्या छटा अनेक असतात म्हणून शब्दही अनेक लागतात.

कोश उघडून पाहावा तर तेथे हे शब्द एकमेकांच्या आधाराने उभे असतात. हट्टी म्हणजे दुराग्रही, दुराग्रही म्हणजे हेकेखोर, हेकेखोर म्हणजे हट्टी. १८३१ साली मोलस्वर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, पुढे १९३२ पासून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड निघू लागले. या दोन्ही कामांचे ऋण मोठे आहे आणि भाषेच्या विद्यार्थ्याने ते कधी विसरू नये. तथापि पर्यायी शब्द देणे हा कोशाचा धर्म आहे, आणि दोन पर्यायांमधली फट दाखवणे हा नव्हे. ती फट पाहायची तर शब्द कोणाच्या शेजारी बसतो ते पाहावे लागते. विशेषणाची खरी ओळख अनेकदा त्याच्या मुळाशी असलेल्या नामाच्या क्रियापदावरून पटते.

हट्ट हा शब्द संस्कृत ‘हठ’पासून आला. हठ म्हणजे बळ, बळजोरी. हठयोगातला हठ तोच. मराठीत उतरताना त्याचे बळ बरेच ओसरले आणि तो घरात, मुलांच्यात येऊन राहिला. हट्ट धरतात, हट्ट करतात, हट्ट मोडतात आणि, हे महत्त्वाचे, हट्ट पुरवतात. बाळ रामाने चंद्र मागितला आणि मोठ्यांनी तो आरशात आणून दिला, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. हट्टाला मागणी असते, आणि ती पुरवू शकेल असे एक वडीलधारे माणूस समोर असावे लागते. एकट्याने हट्ट करता येत नाही. म्हणून हट्टी या शब्दात राग असला तरी त्याच्या तळाशी थोडी माया राहते. आई मुलाला चारचौघांत ‘फार हट्टी आहे हो’ म्हणते, तेव्हा ती तक्रार करते आहे की कौतुक, हे तिच्या चेहऱ्याकडे पाहूनच ठरवावे लागते.

हेका याहून वेगळा. हेका धरतात, हेका चालवतात, क्वचित सोडतात. हेका कोणी पुरवत नाही. ‘हेका पुरवला’ असे वाक्य उच्चारून पाहावे; मराठी कानाला ते लगेच खडा लागल्यासारखे टोचते. हट्ट दुसऱ्याकडे तोंड करून उभा असतो, हेका पाठ फिरवून. हेकट माणूस काही मागत नसतो. जेथे आहे तेथून हलत नसतो, एवढेच. आणि मागत नाही म्हणून त्याच्यापुढे देणाऱ्याचा मोठेपणाही चालत नाही. मला वाटते, या शब्दातल्या चिडीचे मूळ येथे आहे. हट्टी माणूस आपल्याला दाता बनवतो. हेकट माणूस आपल्याला बिनकामाचे करून टाकतो.

शब्दाचा आवाजही त्याच्या वाट्याला आलेल्या रागाला साजेसा आहे. आंबट, तुरट, खारट, कडवट, मळकट, तेलकट, पोरकट यांच्या पंगतीत हेकट जाऊन बसतो. शेवटचा ‘ट’ जिभेवर जरा आपटतो आणि चव बिघडते. ‘खोर’ लावून केलेला हेकेखोर आणखी पुढे जातो. हा प्रत्यय फारसीतून आला आणि त्याचा अर्थ खाणारा असा. लाच खाणारा तो लाचखोर. पण भांडखोर भांडण खातो, चहाडखोर चहाडी खातो आणि हेकेखोर हेका खाऊन जगतो. माणसाचा स्वभाव हे त्याचे अन्न आहे, ही कल्पना मला मोठी मार्मिक वाटते. व्याकरणाची एक गंमत येथेच नोंदवतो. हेकट पुरुष, हेकट बाई, हेकट पोरे, हेकट माणसाला. हे विशेषण लिंग, वचन, विभक्ती यांपैकी कोणापुढेही वाकत नाही. उलट आडमुठा हा आकारान्त असल्यामुळे विकारी. आडमुठी बाई, आडमुठे लोक, आडमुठ्या अधिकाऱ्याला. ज्याच्या नावावर न वाकण्याची ख्याती, तो शब्द वाक्यात प्रत्येकापुढे वाकतो. अर्थात व्याकरणाचे नियम स्वभाव पाहून ठरत नाहीत, आणि हट्टी, जिद्दी हेही अविकारीच आहेत. तेव्हा या निरीक्षणाला गमतीपलीकडे किंमत देऊ नये.

जिद्दीची कथा अधिक गंभीरपणे घ्यावी अशी आहे. हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ विरोध, विरुद्ध बाजू असा. हिंदीत त्याची ‘ज़िद’ झाली आणि ती आजही पोराच्या रडण्याला चिकटलेली आहे. हिंदी भाषक आई ज्याला ‘ज़िद्दी’ म्हणून दटावते त्याला मराठी आई हट्टी म्हणते. हिंदीच्या शेजारामुळे नागपूरकडे मराठी घरांतही ‘जिद नको करू’ असे ऐकू येते. पण प्रमाण मराठीने शब्दातला द दुहेरी ठेवला आणि अर्थ उलटा केला. ‘जिद्दीने शिकला’, ‘जिद्दीने उभी राहिली’. यशस्वी उमेदवारांच्या सत्काराच्या बातमीत हा शब्द नसेल असे सहसा घडत नाही. एकाच अरबी शब्दाची दोन भावंडे, एक धपाटा खाते आणि दुसरे हार. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. निंदा किंवा स्तुती शब्दाच्या मुळात नसते. ती वापरणाऱ्या समाजाने पुढे कधीतरी त्यावर चढवलेली असते.

आग्रह या शब्दाचे आपण जे केले ते तर पाहण्यासारखे आहे. पंगतीत जिलेबीचे ताट घेऊन फिरणारा यजमान पाहुण्याचा नकार ऐकून घेत नाही. पानावर आडवा हात धरला तरी त्या हाताच्या फटीतून जिलेबी पडते. दुसऱ्याचे अजिबात न ऐकण्याचे याहून शुद्ध उदाहरण सापडणार नाही. पण याला आपण हेका म्हणत नाही, आग्रह म्हणतो, आणि आग्रह झाला नाही तर पाहुणा मनातून रुसतो. याच शब्दामागे ‘दुर्’ लागला की तो शिवी होतो आणि ‘सत्य’ लागले की चळवळ. दक्षिण आफ्रिकेतील लढ्याला नाव हवे होते तेव्हा गांधीजींनी आपल्या वृत्तपत्रातून सूचना मागवल्या; मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवला आणि गांधीजींनी तो बदलून ‘सत्याग्रह’ केला. नावाची एवढी चिंता त्यांनी का केली असावी, हे उघड आहे. नाव आपण दिले नाही तर प्रतिपक्ष देतो, आणि तो देतो ते नाव बहुधा दुराग्रह असते.

१९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालेच. गावे पाण्याखाली गेली आणि मुंबईला वीज मिळाली. धरणाच्या बाजूचे लोक त्या शेतकऱ्यांकडे कोणत्या नजरेने पाहत असतील हे समजायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. कारण तीच नजर आजही प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी दिसते. ज्याची जमीन जाते तो अडून बसतो आणि ज्याला वीज मिळते तो त्याला आडमुठा म्हणतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. तो विरून गेला आणि त्याबरोबर गिरणगावही. आज त्या संपाविषयी बोलताना लोक ‘ताणून धरले’, ‘वेळीच तडजोड करायला हवी होती’ असे म्हणतात. कदाचित ते बरोबरही असेल. पण तीच माणसे, तेच महिने, तीच उपासमार, आणि शेवट फक्त वेगळा झाला असता, तर आपण याच कामगारांच्या चिवटपणाचे धडे पाठ्यपुस्तकांत वाचले असते. चिवट आणि आडमुठा यांच्यातला फरक पुष्कळदा निकालाच्या दिवशी ठरतो, आणि मग तो मागे नेऊन पहिल्या दिवसापासून लागू केला जातो.

र. धों. कर्वे यांच्या बाबतीत हे फार ठळकपणे घडले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्या पायी त्यांना गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले, तोटा सोसून, अश्लीलतेचे खटले अंगावर घेऊन. एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी शिक्षा टळली नाही. वडील महर्षी म्हणून गौरवले गेले. मुलाच्या वाट्याला विक्षिप्त, एककल्ली, हेकट हीच विशेषणे यावीत असे त्याचे जगणे होते. न पटणारी गोष्ट गोड करून सांगायची नाही, हा त्यांचा नेम होता. २००१ साली अमोल पालेकरांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. त्याचे नाव ‘ध्यासपर्व’. हेक्याचा ध्यास होण्याला एवढी वर्षे लागली, आणि तोवर त्यांचे म्हणणे सरकारी भिंतींवर लाल त्रिकोणासह रंगवून झाले होते.

मोठ्या माणसांच्या बाबतीत काळ निदान दुरुस्ती तरी करतो. घरातल्या माणसांच्या बाबतीत तीही होत नाही, कारण तेथे कोणी चित्रपट काढत नाही. शिवाय घरात हेकट या शब्दाला एक विरुद्धार्थी शब्द आहे, जो शाळेच्या पुस्तकात दिलेला नसतो. हेकटच्या विरुद्ध लवचिक नव्हे, मऊ नव्हे. हेकटच्या विरुद्ध समजूतदार. हा फार सभ्य दिसणारा शब्द आहे. पण त्याची फोड करून पाहावी. आपण एखाद्याची समजूत घालतो, म्हणजे त्याला हवे ते द्यायचे नसते तेव्हा त्याला गप्प करतो. अशी समजूत ज्याच्यावर लागू पडते तो समजूतदार. मुलांच्या भांडणात खेळणे सोडून देणारे मूल समजूतदार असते, आणि बहुधा ती मुलगी असते.

माझ्या आजोबांच्या मागे तीन मुलगे आणि तीन मुली राहिल्या. सातारा जिल्ह्यातली साडेसहा एकर जमीन, त्यात निम्मी माळाची. वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर सहा नावे चढली. मग रीतीप्रमाणे बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याचे ठरले. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासून वडिलांच्या वाट्यात मुलीला हिस्सा आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने मुलींचा हक्क आणखी रुंद केला. कायदा असा रुंद होत गेला तशी हक्कसोडपत्रेही वाढत गेली, हे आमच्या भागातला कोणताही दस्तलेखक सांगेल. पूर्वी बहिणीचा हक्कच धरला जात नव्हता, तेव्हा सोडण्याचा कागदही लागत नव्हता. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायचे, अंगठा किंवा सही, छायाचित्र, साक्षीदार. येताना भावाने बहिणीला साडी घ्यायची. थोरल्या दोन आत्या गेल्या, सह्या करून आल्या. धाकटी गेली नाही.

तिला जमीन हवी होती असे नाही. तिच्या सासरी तिच्यापुरते होते. वाटणी मागितली नाही, खंड मागितला नाही, बांधावर येऊन उभी राहिली नाही. ‘करा, पिकवा, खावा. सही तेवढी हुयाची नाय,’ एवढेच तिचे म्हणणे. वडील गेले, काका गेले, शेवटी थोरली आत्या जाऊन बसली. माहेर तुटेल, भावांच्या मनात अढी बसेल, लोक काय म्हणतील, हे सगळे सांगून झाले. तेव्हा ती म्हणाली, ‘सोड सोड म्हणताय, पर धरायला कवा दिलंत?’

त्या दिवसापासून आमच्या घरात ती हेकट झाली. थोरल्या दोघी समजूतदार. हे दोन शब्द इतके पक्के बसले की पुढे लग्नकार्यात, दुखण्याखुपण्यात, कोणत्याही प्रसंगी तिने काही वेगळे मत मांडले की ‘ती पहिल्यापासूनच हेकट’ असे म्हटले जाई. पहिल्यापासून ती तशी नव्हती. लहानपणी सर्वांत कमी रडणारी म्हणून आजी तिचे उदाहरण देत असे. पण विशेषणाची हीच ताकद आहे. व्याकरणात नामाच्या आधी येणारे ते अधिविशेषण आणि नामानंतर, विधानाच्या अंगाने येणारे ते विधिविशेषण असा भेद आपण शिकतो. ‘ती हेकट आहे’ यात अजून एक विधान आहे, ते खोडता येते, त्याला ‘नाही’ लावता येते. ‘आमची हेकट बहीण’ म्हटले की वाद संपला. शब्द नावाच्या आधी जाऊन बसला आणि दार लागले.

मी त्या काळात तिच्यासाठी दुसरे विशेषण शोधून पाहिले होते. हट्टी म्हणावे तर तिची मागणी काही नव्हती, पुरवण्यासारखे काही नव्हते. जिद्दी म्हणावे तर गाठायचे शिखर दिसत नव्हते. दुराग्रही म्हणजे आपले मत दुसऱ्यावर लादणारी. तिने तर थोरल्या बहिणींना ‘तुम्ही का केल्या सह्या’ असे एका शब्दाने विचारले नाही. बाणेदार हा शब्द सुचला, पण तो आपण रामशास्त्री प्रभुण्यांसाठी राखून ठेवला आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दोष राघोबादादांवर ठेवून बाहेर पडणारा न्यायाधीश बाणेदार. त्या शब्दाला दरबार लागतो, ऐकणारे लागतात. चुलीपुढे बसून पीठ मळत दिलेल्या नकाराला बाणेदार म्हटले तर ऐकणारा हसतो. मागणी न करणारी, कोणावर काही न लादणारी, फक्त आपल्या हातचे सोडायला तयार नसलेली बाई. तिच्यासाठी मराठीने केलेली एकुलती एक सोय म्हणजे हेकट. हे सांगताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे, की त्या सहीने माझ्या वडिलांचा आणि पर्यायाने माझाही वाटा वाढणार होता. भाषेचा विचार करणाराही कोणत्या तरी सातबाऱ्यावर बसूनच तो करत असतो.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. पीककर्ज काढायचे तर सहहिस्सेदारांचे संमतिपत्र लागते. हक्कसोड न झाल्यामुळे दरवर्षी धाकट्या आत्याची सही आणणे भाग पडले. पहिल्या वर्षी काका धास्तावतच गेले. तिने चहा केला, कागद वाचून घेतला, सही केली. पुढच्या वर्षीही केली. एकदाही अडवले नाही, एकदाही अट घातली नाही. भाऊबीजेचे बोलावणे तीन-चार वर्षे बंद होते. पण कर्जाच्या कागदासाठी कोणी ना कोणी भाऊ तिच्या दारात दरवर्षी जात होता आणि चहा पिऊन येत होता. काका वैतागून म्हणत, ‘दरसाल हिच्या दारात जायला लागतंय.’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे, आणि त्यात तक्रार नेमकी कशाची आहे हे मला अजून नीट उलगडलेले नाही. आज तिचे नाव सातबाऱ्यावर सहाव्या जागी आहे; मध्ये दोन नावांना कंस पडलेला आहे.

मी काही वर्षे रविवारच्या संपर्कसत्रांत संमंत्रक म्हणून शिकवले. तेथे येणाऱ्यांमध्ये चाळिशी ओलांडलेल्या स्त्रिया पुष्कळ असत. अंगणवाडीच्या सेविका, शिलाईकाम करणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या. विशेषणांचा पाठ चालू असताना ‘घरचे तुम्हांला कोणते विशेषण लावतात?’ असे विचारले की वर्गात हशा पिकत असे, आणि हशा ओसरला की ‘हट्टी’ हा शब्द हमखास येई. ‘या वयात कसला हा हट्ट.’ कोणी हेकट म्हटल्याचे क्वचित सांगे. त्याचे कारण वरच्या विवेचनात आहे असे मला वाटते. शिकण्याला फी लागते, रविवारची सुट्टी लागते, कोणीतरी स्वयंपाक पाहावा लागतो; म्हणजे घराला ते पुरवावे लागते. जे पुरवले जाते तो हट्ट. जिच्या हाती स्वतःची मिळकत होती आणि जी कोणाला न विचारता नाव नोंदवून आली होती, तिला घरी काय म्हणत असतील, याचा अंदाज तिच्या गप्प बसण्यावरून करता येई. पदवी मिळाल्यावर त्याच घरांनी ‘जिद्दी’ असे छापलेले फलक चौकात लावलेलेही मी पाहिले आहेत. कोणी त्यावर हसू नये. फलक लावणाऱ्यांना मनापासूनच आनंद झालेला असतो.

वृत्तपत्रांच्या भाषेविषयी लिहिण्यासारखे बरेच आहे, पण ते जाणकार वाचकाला माहीत असते. आपल्या बाजूची भूमिका ठाम, समोरच्याची ताठर. प्रशासन आडमुठे, संघटना हटवादी. एखाद्या आठवड्याची वर्तमानपत्रे घेऊन या विशेषणांखाली रेघ मारत गेले तर ते पत्र कोणाचे आहे हे मालकाचे नाव न वाचता सांगता येईल. हा अभ्यास कोणीही घरबसल्या करून पाहावा.

वयाचा मात्र विचार सहसा कोणी करत नाही. लहान मूल हट्टी असते, तरुण माणूस जिद्दी असतो, आणि म्हातारे माणूस हेकट होते. ‘होते’ हे क्रियापदही पाहण्यासारखे आहे. मूल हट्टी असते, म्हातारे माणूस हेकट होत जाते. जणू तो सांधेदुखीसारखा वयाबरोबर येणारा विकार आहे. औषध वेळेवर घेत नाहीत, काठी वापरत नाहीत, शहरातल्या चौथ्या मजल्यावर करमत नाही म्हणून गावच्या बंद घरी जायचे म्हणतात. तेथे कोण आहे, पडलात तर कोण पाहील, पाणी कोण भरील, असे मुलगा विचारतो, आणि त्याचे प्रश्न खोटे नसतात. वडील उत्तर देत नाहीत. पिशवीत दोन धोतरे भरून दाराशी ठेवतात. दुसऱ्या दिवशी सून ती पिशवी उचलून कपाटात ठेवते. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा दाराशी असते. पाच वर्षांच्या नातवाने हेच केले असते तर कोणीतरी त्याला एका दुपारपुरते का होईना, गावाला नेऊन आणले असते, आणि हट्ट पुरवला असे म्हटले असते. आजोबांच्या बाबतीत ते वाक्य तयारच होत नाही.